दोन ठोके उजवीकडे

ट्रामच्या पितळी दांड्यावर कुणीतरी दोनदा टकटक केलं आणि एमेट हॅरिगनची मान उजवीकडे वळली. उजवीकडे काहीच नव्हतं. वाफेनं भरलेली काच, काचेवर कुणीतरी बोटानं काढून अर्धवट सोडलेलं मांजर, आणि पलीकडे मॉन्ट्रियालचा फेब्रुवारी, पिंजून टाकलेल्या मळक्या कापसासारखा. "अहो काका, तिकडं काय बघताय? मी इकडं उभा आहे, डावीकडं," कंडक्टर म्हणाला. त्याच्या हातात दुसऱ्या ट्रामसाठीचं बदलीचं तिकीट होतं आणि ते तो केव्हापासून एमेटच्या डाव्या खांद्यापाशी धरून उभा असावा. मागच्या बाकावरच्या दोन पोरी फिसकन हसल्या. एमेटनं तिकीट घेतलं, आभार मानले, टोपी सारखी केली. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला घाम फुटलाय. एवढ्याशा टकटकीनं. पन्नाशी उलटलेला, हॉटेलच्या दारात सिगारचं दुकान चालवणारा माणूस, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले स्केट, आणि कपाळावर घाम. कंडक्टर पुढे गेला. पुढच्या बाईलाही त्यानं तसंच टकटक करून हाक दिली, ती बाई सरळ त्याच्याकडे वळली. वळणारच. तिला त्या दोन ठोक्यांचा अर्थ कुणी शिकवला नव्हता.

एक ठोका डावीकडे, दोन ठोके उजवीकडे.

सकाळी बायकोनं, विनीनं, स्केट गुंडाळून दिले तेव्हाच खरं तर जायचं नाही असं सांगून टाकायला हवं होतं. पण विनीला काय सांगणार? ती खुशीत होती. पेपरात फोटो आला होता, तोच जुना, काठीवर रेललेला, मिशा असलेला एमेट. खाली लिहिलं होतं: बर्फावरच्या हॉकीच्या एका सामन्यात नऊ गोल, आणि ते नऊ गोल ज्यानं खाल्ले तो गोलरक्षक, अठ्ठावीस वर्षांनी पुन्हा समोरासमोर. शनिवारी दुपारी, जुन्या खेळाडूंच्या मदतीसाठी. मधल्या विश्रांतीत हॅरिगन एक फटका मारणार. "दहावा जाणार का?" असं ठळक अक्षरात. "त्याला रात्री जेवायला घेऊन ये," विनी म्हणाली होती. "नाही येणार तो." "का नाही येणार? भूत राहतं का इथं?" "लाजरा आहे." "नऊ गोल घातलेस त्या बिचाऱ्याच्या पदरात, एक जेवण घाल की. मी मटण शिजवतेच आहे." मग स्केटचा पुडका त्याच्या छातीवर दाबत म्हणाली, "आणि हे बघ, पडू नकोस. हाडं आता माझी आहेत." तो हसला. सव्वीस वर्षांच्या संसारात विनीपासून त्यानं लपवलेली गोष्ट एकच होती. ती इतकी लहान होती की लपवायला कपाट लागत नव्हतं, की कुलूप. दोन ठोके, बस्स. मुठीत मावतील एवढे.

आणि तेही होते की नव्हते?

एमेटच्या गावी, सेंट-ओदीलमध्ये, नदी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोठायची. लाकडाच्या वखारीमागे पाणी संथ होतं, तिथला बर्फ काळा, काचेसारखा. गावात आयरिश घरं सात, बाकी सगळे फ्रेंच. एमेटला फ्रेंच कधी शिकावी लागली नाही, ती पडशासारखी लागली. ओनेझिम ग्राव्हेल त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, शेजारच्या घरातला, आठ बहिणींच्या पाठीवरचा. त्याला गोलात उभं करायचं कारण त्याच्याकडे स्केट नव्हते. दोन जळाऊ ओंडके म्हणजे गोल, घोड्याची गोठलेली लीद म्हणजे चेंडूऐवजी मारायची चकती. ती अंगावर बसली की गोट्यासारखी लागायची आणि फुटली की सगळे ओरडत पळायचे. ओनेझिम घाबरून डोळे मिटायचा. "डोळे उघडे ठेव रे गाढवा." "उघडेच आहेत." "मग चकती कुठून गेली?" "मधून." दर वेळी मधूनच. तेव्हा एमेटनं ही खूण काढली. फटका मारण्याआधी काठी बर्फावर आपटायची. एक ठोका म्हणजे गोल्याच्या डाव्या हाताला येतोय, दोन म्हणजे उजव्या. मिटायचे असले तर मीट डोळे, कान तर मिटता येत नाहीत ना? एमेटचे स्केट अदलूनबदलून पाळीपाळीनं दोघंही गोलात उभे राहात, म्हणून ती खूण दोघांच्याही अंगात मुरली. टक, डावीकडे. टक टक, उजवीकडे. दोन हिवाळ्यांत ओनेझिम असा तयार झाला की वखारीतले बाप्ये लोक दुपारची भाकरी हातात घेऊन बघायला यायचे. मग खुणेची गरज उरली नाही आणि ती बंद झाली. पण मुरलेली गोष्ट बंद होते म्हणजे काय होते, हे एमेटला कधीच नीटसं समजलं नाही. ट्राम वळली. मांडीवरचा पुडका घसरला, त्यानं तो धरला. वर्तमानपत्रातून पात्याची धार बोटाला लागली.

जेवणावळीत सांगायची हकीकत अशी आहे. (ती त्यानं तीनशे वेळा तरी सांगितली असेल, अग्निशामक दलाच्या जेवणात, चर्चच्या जेवणात, एकदा दंतवैद्यांच्या.) साल एकोणीसशे नऊ, सिल्व्हर नॅरोज नावाचं खाणींचं गाव, उत्तरेला, जिथं थंडीत घोड्याच्या नाकातली वाफ तिथंच गोठते. खेळाला तेव्हा कुठं पगार सुरू झाला होता. समोरच्या, लाकूडतोड्यांच्या हॉकिन्स फॉल्स संघाचा गोली म्हणजे माझ्याच गावचा ओनेझिम ग्राव्हेल, असा शूर माणूस मी पाहिला नाही, लोकहो. दुसरा डाव सुरू होऊन तीन मिनिटं झाली आणि माझाच एक फटका उसळून त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. पापणी फाटली. डॉक्टर म्हणाला बाहेर ये. ओनेझिम म्हणाला, मरेन पण गोल सोडणार नाही. आणि अर्धा तास तसा उभा राहिला! (इथे थांबायचं. इथे कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात करतं.) नऊ गोल मी मारले असतील, पण त्या दिवशी जिंकला तो. मग सगळं जेवणघर उठून उभं राहायचं, खुर्च्या सरकल्याचा आवाज, आणि ओनेझिमसाठी वाजवलेल्या टाळ्या एमेटच्या अंगावर पडायच्या. तो त्या मान खाली घालून झेलायचा. लोकांना वाटायचं, काय हा विनय.

डॉक्टरच्या संवादाची फोडणी सोडली तर त्या हकीकतीत खोटं काहीच नाही, हीच तिची पंचाईत. डोळा फुटला हे खरं. उभा राहिला हे खरं. फक्त दहा मिनिटं तिच्यातून गाळली आहेत.

त्या काळी राखीव खेळाडू हा प्रकारच नव्हता. सात जण उतरायचे, सातच खेळायचे. एखादा जखमी झाला तर दहा मिनिटं खेळ थांबायचा. तेवढ्यात तो उठला नाही, तर समोरच्या संघानं आपलाही एक गडी काढून घ्यायचा. सहाला सहा. कुणाला काढायचं ते त्या संघाचा कप्तान ठरवणार. ही रीत होती आणि ती मोडणाऱ्याला कुठल्याच गावात कुणी पेला पुढे केला नसता. म्हणून ओनेझिमला लाकडी खोलीत नेल्यावर दारात आर्ची मक्विग, एमेटचा कप्तान, येऊन उभा राहिला आणि मिशीवरचा बर्फ खरवडत सहज म्हणाला, "तो बसला की तू बसायचंस, हॅरिगन. सकाळपासून गुडघ्याचं रडगाणं तुझंच चाललंय ना?" गुडघ्याला काही झालं नव्हतं. फावड्यानं बर्फ ओढायच्या कामातून सुटावं म्हणून तो सकाळी कण्हला होता, एवढंच. "अरे गुडघा बरा आहे आता!" "बरा आहे तर बरं. बसून आणखी बरा होईल." आणि बाहेर, सज्जातल्या पहिल्या रांगेत, मॉन्ट्रियालच्या संघाकडून आलेला एक माणूस बसला होता, पाणमांजराच्या कातड्याचा कोट घातलेला, जो खास एमेटला बघायला दोन दिवस रेल्वेनं आला होता. तोवर एमेटचे गोल झाले होते तीन. तीन चांगले होते. पण तीन गोल मारणारी पोरं तेव्हा कुठल्याही गावात सापडत होती.

डॉक्टर त्याच गावचा, जाडा, तोंडात विझलेला सिगार. त्याला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता आणि ओनेझिमला इंग्रजीचा. "तू याच्या गावचा ना? विचार त्याला, किती बोटं दिसतात." खोलीत शेगडी होती, मलमाचा आणि ओल्या लोकरीचा वास होता, जमीन फळ्यांची. डॉक्टरनं एका हातानं ओनेझिमचा उजवा डोळा झाकला, अंगठ्यानं डावी पापणी वर केली. आत लाल होतं. मुरवलेल्या चेरीसारखं, गच्च, भरलेलं. डॉक्टरनं दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली. "किती बोटं, ओनेझिम?" एमेटनं विचारलं. ओनेझिम बोटांकडे बघतच नव्हता. तो एमेटचा आवाज जिथून आला तिकडे बघत होता. बघत होता म्हणणंही चुकीचंच. तिकडे तोंड करून होता. बाहेर लोक पाय आपटत होते, थंडीनं आणि कंटाळ्यानं. आर्ची दारात. कोट सज्जात. एमेटचा पाय उचलला गेला. स्केटचं पातं फळीवर वाजलं. टक टक. "दोन," ओनेझिम म्हणाला. डॉक्टरनं एक बोट ठेवलं. टक. "एक." "मांजराचा डोळा आहे बेट्याचा," डॉक्टर म्हणाला आणि सिगार पेटवला. "बांधा पट्टी आणि न्या."

पट्टी बांधली ती कपाळाला; डोळा उघडा ठेवला, दिसत होतं ना त्याला. दारातून बाहेर पडताना ओनेझिमनं चाचपडत एमेटची बाही धरली. "उपकार झाले रे," तो फ्रेंचमध्ये कुजबुजला. "बसलो असतो तर त्यांनी सोमवारी मला परत पाठवलं असतं. पुन्हा ती वखार. तू होतास म्हणून." लोक म्हणतात शिव्याशाप जन्मभर पुरतात. एमेटला जन्मभर पुरली ती ही बाहीवरची पकड. त्या शर्टाची बाही नंतर विरली, विनीनं त्या शर्टाची फडकी केली, फडक्यांनी दुकानाच्या काचा पुसल्या. पकड आहे तिथं आहे.

चौथा गोल कुणाचाच दोष नाही. चकती घसरत आली, त्यानं मारली, गेली. पाचवा डावीकडून गेला. आता एमेटला माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट हात विसरत नाहीत. सहावा डावीकडून. गोल्यानं खाली बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, असा तेव्हाचा कायदा. बिचारा ताठ उभा, उजवीकडे सगळं जग आणि डावीकडे भिंत. सातवा डावीकडून. दर वेळी गोलामागे उभा असलेला पंच, केसाळ टोपीतला म्हातारा, पांढरा रुमाल वर करायचा. सातव्यानंतर एमेटनं मागे वळून पाहिलं तेव्हा ओनेझिमचं डोकं एका बाजूला कललेलं होतं, कोंबडी कलवते तसं. तो बघत नव्हता. ऐकत होता. त्याला वाटत होतं की एमेट ठोके देईल. आत दिले होते, तर इथंही देईल. नदीवर देत होता, तसे. (आणि का द्यावेत? एमेटनं हा वाद स्वतःशी ट्रामच्या प्रत्येक थांब्यावर घातला आहे. मी समोरच्या संघाचा. मला पगार होता. खऱ्या सामन्यात कुणी खूण करून गोल मारतं का? कुठलं न्यायालय मला दोषी धरेल? कुठलंच नाही. म्हणूनच कुठलंच सोडतही नाही.) आठवा. डावीकडून. मुकाट्यानं.

नववा.

शेवटचं मिनिट. सामना संपल्यात जमा, दहा-तीन. नवव्या गोलाची कुणाला गरज नव्हती. चकती एमेटकडे, समोर एकटा ओनेझिम, मान कललेली, हातातली काठी छातीशी घट्ट. लोक ओरडत होते, पण ओनेझिमच्या भोवती जणू शांतता होती, वखारीमागे असायची तशी. एमेटची काठी बर्फावर दोनदा वाजली. आता काठी बर्फावर वाजतेच. खेळ म्हणजे दुसरं काय, काठ्या वाजतात. चकती पुढे सारताना ती इकडून तिकडून लागते, टक, टक, टक. त्याला आठवतं ते असं की त्यानं मुद्दाम काही केलं नाही. त्याला असंही आठवतं की वाजवण्याआधी त्यानं श्वास रोखला होता. दोन्ही आठवणी सारख्याच स्वच्छ आहेत. ओनेझिमचा चेहरा उजळला. हे मात्र नक्की, याला दुसरी बाजू नाही. रक्ताळलेल्या पट्टीखाली तो चेहरा उजळला, आणि तो सगळ्या अंगानिशी उजवीकडे झेपावला, विश्वासानं, सगळी डावी बाजू मोकळी टाकून. एमेटनं चकती डावीकडून आत सोडली. मारलीसुद्धा नाही. पेटीत पत्र टाकावं तशी. रुमाल वर गेला. पाणमांजराचा कोट उठून उभा राहिला.

बारा मोसम खेळला तो त्यानंतर. मॉन्ट्रियाल, पश्चिमेकडचा किनारा, पुन्हा मॉन्ट्रियाल. गोल किती झाले ते पेपरवाल्यांनी मोजले. ओनेझिमचा डोळा आठवड्यात काढावा लागला, हे एमेटला आईच्या पत्रातून कळलं, पिठाच्या बातमीनंतर आणि गायीच्या बातमीआधी. ओनेझिम वखारीत परतला, मग पाद्रीबाबांनी त्याला चर्चचा घंटेकरी केलं. आई गेली तेव्हा एमेट सेंट-ओदीलला गेला, एकदाच. चर्चच्या मागच्या दाराशी ओनेझिम दोर ओढत होता, हळू, लयीत, तोंड वर करून. बाहेर पडायला वाटा दोन होत्या. एमेट त्याच्या डाव्या बाजूनं गेला. इतक्या जवळून की बाहीला बाही लागली असती. श्वास रोखून, टाचा उचलून, स्वतःच्या आईच्या मयतीतून, चोरासारखा. जगातली एकच जागा होती जिथलं ओनेझिम ग्राव्हेलला काही दिसत नव्हतं, आणि ती एमेटनं स्वतः तयार केलेली होती. तिच्यातून तो सुखरूप बाहेर पडला.

"काका, हेच ते. उतरा," कंडक्टर म्हणाला. यावेळी त्यानं टकटक केली नाही.

नव्या रिंगणातल्या खोलीला शेगडी नव्हती, नळातून गरम वाफ यायची. ओनेझिम आधीच येऊन बसला होता. उसने पॅड पायांना, गुडघ्यांवर भाकरीचा पुडा, अंगात रविवारचा काळा कोट. काचेचा डोळा खऱ्यापेक्षा निळा होता. तो मोठ्यानं हसला. "या या, नऊ गोल! अरे, केस कुठं विकलेस?" "जिथं तू दात विकलेस तिथं." "आणि हे पोट? मला कशाला बोलावलं मग? तूच आडवा हो गोलात, लोणीसुद्धा आत जायचं नाही." एमेटला हसू आलं, खरंखुरं, आणि त्याचाच त्याला धक्का बसला. "पोरी कशा आहेत?" "सहा. पाच उजवल्या, एक नन झाली. तिच्याकडून तुझ्यासाठीही प्रार्थना करून घेतो, फुकट आहे." "डोळा..." "कुठला? हा? मुलांना काढून दाखवतो चर्चमध्ये. पाद्रीबाबा चिडतात. म्हणतात, सेंट ओदील आंधळ्यांना डोळे देते आणि तू तिच्यासमोर डोळा काढतोस." त्यानं भाकरीचा तुकडा एमेटपुढे केला. बीट घातलेलं डुकराचं मांस होतं आत, गावाकडचं, एमेटच्या आईच्या हातच्यासारखं. तो तुकडा तोंडात घेऊन एमेट म्हणाला, "ओनेझिम, त्या दिवशी..." "कुठल्या दिवशी? पुष्कळ दिवस झाले, बाबा." "नॅरोजमध्ये. खोलीत. आणि मग शेवटी..." घास तोंडात फिरत राहिला. ओनेझिमचा खरा डोळा त्याच्यावर स्थिर होता. त्यात राग नव्हता, उत्सुकताही नव्हती. पाऊस येणार की नाही ते बघावं तसा. "आधी गिळ," तो म्हणाला. "मग बोल." एमेट गिळत होता तेवढ्यात दार उघडलं आणि कार्यक्रमवाला बॅनरमन आत आला, कोटाला फूल, हातात कागद. "चला मंडळी, चला! विश्रांती झाली सुरू. हॅरिगन, तू निळ्या रेषेवरून निघायचं. फटका मारलास की लगेच ध्वनिक्षेपक, दोन शब्द, आणि मग हार. ग्राव्हेलसाहेब, तुम्ही अडवलात तरी चालेल हं, लोकांना तेही आवडेल!" "काय म्हणतो हा?" ओनेझिमनं विचारलं. एमेटनं सांगितलं. "अडवू म्हणतोस?" ओनेझिम पॅड सावरत उठला. "बघू. तू काय काय करतोस त्यावर आहे."

कृत्रिम बर्फ नदीसारखा गात नाही. एमेटचे घोटे पहिल्या दहा पावलांत थरथरले, मग आठवलं त्यांना. दहा हजार माणसं, वर दिवे, कुणीतरी "एमेट!" म्हणून ओरडलं. समोर गोलात काळा कोट, उसने पॅड, मान कललेली. तशीच. कोंबडीसारखी. एमेटच्या छातीत काहीतरी एकदम मोकळं झालं, कारण त्याला दिसलं की करायचं काय. इतकं सोपं. त्यासाठी बोलावं लागणार नव्हतं, घास गिळावा लागणार नव्हता. दोन ठोके द्यायचे आणि उजवीकडेच मारायचं. हलकं, नदीवर मारायचा तसं, थेट त्याच्या हातात. ओनेझिम अडवेल. लोक हसतील. नऊ गोलवाल्याचा दहावा एका डोळ्याच्या घंटेकऱ्यानं अडवला म्हणतील, पेपरात येईल, विनी चार दिवस चिडवेल. येऊ दे. अठ्ठावीस वर्षं उशिरा का होईना, एक खरी खूण त्याच्यापर्यंत पोचेल. तो निघाला. चकती पुढे, वारा कानात. मध्ये आल्यावर त्यानं काठी उचलली आणि बर्फावर आपटली, स्वच्छ, मोजून, सगळ्या रिंगणाला ऐकू जाईल अशी. टक. टक. श्वास त्यानं रोखला नाही. आणि चकती ओनेझिमच्या उजवीकडे ढकलली.

ओनेझिम डावीकडे झेपावला.

सगळ्या अंगानिशी. काठी, पॅड, काळा कोट, सगळं डावीकडे, ज्या बाजूला त्याला काही दिसत नव्हतं त्या बाजूला, न बघता, जराही न थबकता. अठ्ठावीस वर्षं ठरवून ठेवल्यासारखा. उजवी बाजू मोकळी होती. चकती इतकी हळू जात होती की वाटेत कुणीही तिला पायानं अडवू शकलं असतं. ती गेली. जाळीला लागली. मागे लाल दिवा लागला, कारण रुमालाचे दिवस संपले होते, आणि दहा हजार माणसं उठून उभी राहिली.

ओनेझिम बर्फावर आडवा होता. आता खाली पडायला कायद्याची आडकाठी नव्हती. एमेट त्याच्यापाशी पोचला, हात दिला. ओनेझिमनं मागे वळून जाळीतली चकती पाहिली, मग उजवी बाजू पाहिली, मग एमेटला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "खरं होतं?" त्यानं विचारलं. एमेटनं मान डोलावली. "आता?" ओनेझिम म्हणाला. "आता खरं सांगतोस, होय?" तो गुडघ्यावर आला, एमेटची बाही धरून उभा राहिला, त्याच हाताची, तशीच पकड, आणि कोटाचा बर्फ झटकत पुटपुटला, "दहा झाले, गाढवा." लोकांना ते दोघं मिठी मारतायत असं वाटलं असावं, आवाज आणखी वाढला. एमेट ओरडून काहीतरी म्हणाला, त्या गोंगाटात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. ओनेझिमनं कान पुढे केला. "मोठ्यानं बोल." "मी मुद्दाम वाजवले होते," एमेट म्हणाला. "नॅरोजमध्ये. चुकून नाही." ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि दोन स्वच्छ आठवणींपैकी एक तिथल्या तिथे विझली. "ते मला तेव्हाच कळलं," ओनेझिम म्हणाला. "तुला कधी कळलं?"

तोवर बॅनरमन बर्फावर गालिचा अंथरवून ध्वनिक्षेपक घेऊन आला होता, आणि तो चालू आहे की नाही हे बघायला त्यानं त्याच्यावर बोटानं ठोकलं. दोनदा. ते ठोके छतातून आले, भिंतींतून आले. एमेटची मान उजवीकडे वळली, ओनेझिमची डावीकडे. आणि ते समोरासमोर उभे होते, म्हणून दोघंही एकाच बाजूला बघू लागले. तिथे कुणीच नव्हतं, बर्फ होता नुसता. "अहो, इकडे!" बॅनरमन दुसऱ्या बाजूनं हाका मारत होता. "इकडे, मंडळी, इकडे बघा!"